धनेशच्या नावाचं गाऱ्हाणं

देवळात गाऱ्हाणं घालायचा मान धनेशच्या घराण्याचा. आचऱ्याजवळच्या त्या वाडीत कुणाचं लग्न ठरो की कुणाची नवी होडी पाण्यात उतरो, देवासमोर नारळ ठेवून त्याच्यासाठी मागणं मागायचं ते धनेशनं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वीस वर्षं जीभ अडली नाही. गेल्या जत्रेत अडली. घाम फुटला, छाती धडधडली, आणि गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकून तो घरी आला. तेव्हापासून एकच पालुपद, मी कामाचा नाही. बाजारात कोणी हसलं की ते आपल्यालाच. स्वतःला असं कोसून कोसून माणूस पार दमला. यंदा मान चुलतभावाला देऊन मोकळं व्हायचं त्याच्या मनात होतं.

बायको मथुरानं त्याला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं शर्मिला मॅडम समुपदेशन करायच्या. रोज आरशासमोर उभं राहून आपले पाच गुण म्हणा, असं त्यांनी सांगितलं. आता आपल्याकडे स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करणारा एकतर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर प्यायलेला असतो. धनेश आरशासमोर दाढी तेवढी करायचा.

तिसऱ्या खेपेला मॅडमनी वेगळंच विचारलं. “तुमच्यासारखाच घाबरलेला शेजारी आला, तर त्याच्यासाठी काय कराल?”

“काय करतलंय? गाऱ्हाणा घालीन.”

“मग घाला. नाव मात्र तुमचं घ्या.”

तो उठला, हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू, धनेश...” पुढे शब्द येईना. साऱ्या वाडीची नावं घेतली होती त्यानं, स्वतःचं कधी नाही. त्याला रडू कोसळलं. शेजारच्या खुर्चीवरून मथुराच हळू म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

एवढ्यानं कोणी बरं होत नाही. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या चालूच होत्या, झोप अर्धीमुर्धीच. पण आंघोळीनंतर तो स्वतःसाठी एखादं वाक्य पुटपुटू लागला, आणि चुलतभावाला म्हणाला, “यंदा मीच बघतंय.”

जत्रेला तो उभा राहिला. चार वाक्यं झाली आणि जीभ पुन्हा अडली. पाय दाराकडे वळत होते. त्यानं डोळे मिटले.

“म्हाराजा, तुज्या ह्या धनेशाक भीती वाटता.”

“व्हय म्हाराजा,” वाडी म्हणाली, नेहमीच्याच सुरात. वर्षभर जे लपवता लपवता तो थकला होता, ते ऐकून कोणी मानही वळवली नाही. सगळे हात जोडून पुढच्या वाक्यासाठी थांबले होते.