शेततळ्याचा कागद

आज सकाळी नव्या कागदाची गुंडाळी बांधावर उलगडली आणि तापल्या प्लॅस्टिकचा वास सुटला. शेततळ्यात अंथरायच्या प्लॅस्टिकला आमच्या मंगळवेढ्याकडं कागदच म्हणतात.

सरकारी अनुदान आणि बँकेचं कर्ज यांवर हे तळं खोदून पहिला कागद अंथरला, त्या दुपारीही असाच वास होता. कागद फाटू नये म्हणून आम्ही सगळे अनवाणी होतो, पाय भाजत होते. आई मात्र तळाशी, अजून उघड्या असलेल्या मातीवर उभी होती. फोटो काढायला आलेले कृषी सहायक वरून म्हणाले, "मावशी, बाजूला व्हा. फोटोत तळं दिसू द्या."

"व्हते की," आई म्हणाली. "पर ह्या मातीला आता ऊन न्हाय दिसायचं."

त्या तुकड्यात आमची सगळ्यात चांगली ज्वारी यायची. तरी मला ते तिचं नेहमीचं पुटपुटणं वाटलं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. जुना कागद जागोजागी फाटला, म्हणून आज काढला. खालची माती तशीच होती, काळी आणि गार. माणसं नवा कागद घेऊन खाली उतरू लागली, तसं मी त्यांना थांबवलं.

"उद्या अंथरू. आजचा दिवस ऊन लागू द्या मातीला."