उचलता येणारं छप्पर

चैत्र वद्य तृतीया, रविवार, सकाळ. हजर: माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वहिनी, गावातले गवंडी मिस्त्री, आणि टेप, खुंट्या, सुतळी घेऊन नांदेडहून आलेली मी. गैरहजर: पाणी. ज्याच्या काठावर घर बांधायचं होतं तो तलाव लांब खाली एक चकाकती रेघ होऊन पडला होता, आणि मधल्या गाळात दादाच्या टरबुजांचे वेल पसरले होते.

कामाच्या जागी पोचलं की आधी कोण कोण आहे ते लिहून काढायची मला सवय आहे. बरीच वर्षं मी लोकांची घरं आखते आहे. घर उभं राहिलं की 'मला कुणी विचारलंच नाही' म्हणणारं एक तरी माणूस निघतं. त्या दिवशी तसं म्हणायचा हक्क फक्त वहिनीला होता, आणि ती एका बाभळीखाली गप्प बसून होती.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. धरण झालं तेव्हा जुनं गावठाण आणि निम्मं रान पाण्याखाली गेलं, उरली ती तलावाकडे उतरत जाणारी पट्टी. पाणी ओसरलं की दादा गाळपेर करतो, पाणी चढलं की वर सरकतो. वहिनीचं लग्नानंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य गावातल्या घराच्या बाहेर झोपण्यात गेलं. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली, हिवाळ्यात दवात. आमची आई होती तोवर रोज बोलायची, "सून बाहेर निजती, लोकायला काय सांगू?" वहिनी ऐकून घ्यायची आणि गोधडी उचलून बाहेर जायची. गेल्या हिवाळ्यात तिचा खोकला छातीत गेला. अहमदपूरच्या डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं, पुढच्या पावसाआधी हिचं अंथरूण घरात गेलं पाहिजे, नाहीतर ही छाती टिकणार नाही.

दादाचा फोन आला. "बाई, तुझी वहिनी आत निजंल असं घर बांधून दे. तेवढंच काम हाय."

मध्यंतरी मी कोकणात समुद्रकाठच्या घरांविषयीच्या एका शिबिराला गेले होते. तिथे शिकलेलं मनात होतं: काठाशी भांडू नये, पाण्याची वाट अडवू नये, जागेवर जे उगवतं ते वापरावं. तिथलं पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं, आमचं वर्षातून एकदा. एवढा फरक सोडला तर हिशेब तोच. काठ ही रेघ नसते, रुंद पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात आपण पाहुणे असतो.

दादाने एका बाभळीच्या फांदीत अडकलेलं वाळकं गवत दाखवलं. "भादव्यात पाणी हितवर आल्तं." मी त्याहून वर जोत्याची उंची धरली. जोतं दगडाचं, डोंगराकडचं टोक निमुळतं, म्हणजे वरून येणारं पावसाचं पाणी फुटून दोन्ही बाजूंनी तलावात जाईल. बाभळी एकही तोडायची नाही. काठचं पाणकणीस, ते पाण्यातलं उंच गवत, राखायचं, मातीला तेच धरून ठेवतं. संडास मागे, वर, मुरमात, तलावाला घाण लागणार नाही असा. इथवर सगळ्यांचं एकमत होतं.

मग मिस्त्री म्हणाले, "म्याडम, वर माळवदच टाकू. जुन्या गावठाणाची पांढरी माती उघडी पडलीय की तळ्यात. असली माती इकत मिळायची न्हाई."

मीही कागदावर तेच काढून आणलं होतं. लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात गारवा. तुळयांना तिरके आधार दाखवले होते, थर पातळ ठेवला होता. मी कागद उलगडला तशी वहिनी उठली आणि वेलांकडे चालायला लागली.

"तिच्यापुढं ते नाव नको काढू," दादा हळू म्हणाला.

वहिनीचं माहेर औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा ती तिथे होती. घरात सगळ्यांना माहीत होतं, घरात कुणी बोलत नव्हतं. दुपारी भाकरी थापताना तिने स्वतःच विषय काढला.

"तुमाला वाटत आसंल ताई, मी भेते. भेत न्हाई मी. मला ठावं हाय ते कसं आसतंय, म्हणून म्हणते." तव्यावरची भाकरी तिने उलटली. "बाळंतपणाला गेल्ते. लेकरू कुशीत होतं. समदं येकदम न्हाई आलं वरून. आधी माती आली, तोंडात. खारट आसती पांढरी माती. मग लाकडं. हात हालत न्हवता. लेकरू रडलेलं ऐकू येत होतं. मग न्हाई आलं. मला दुपारी काढलं."

मी काहीतरी म्हणायला गेले. तिने हाताने थांबवलं.

"मरणाचं काय न्हाई वो. पर पडल्यावर माझं मला निघता आलं पायजे. यवढंच बघा."

मी माळवदाचा कागद गुंडाळून पिशवीत टाकला आणि नव्या कागदावर पहिली अट तीच लिहिली. स्लॅब बाद. "त्यो तर त्याच्याहून जड," वहिनी म्हणाली. पत्रा तिला चालला असता, पण चैत्रात बंद पत्र्याखाली निरोगी माणूसही धापा टाकतं, आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडाला की माणसाला कापून काढतो. शेवटी काठानेच उत्तर दिलं. भिंती गुडघ्याएवढ्या दगडाच्या, त्यावर तुराट्यांचा कूड, शेणामातीने लिंपलेला. छप्पर बांबूच्या वाशांवर, पाणकणसाच्या जाड थराचं, उभ्या उताराचं. आणि सलग नाही. एका दारापेक्षा थोडे मोठे असे सुटे तुकडे, काथ्याने बांधलेले.

गावात चेष्टा सुरू झाली. हॉटेलात दादाला कुणीतरी विचारलं, "बहीण घरं बांधती नांदेडात, अन् भावाला कूड? शेळ्या ठिवतो का काय?" दादा घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "निदान चार पिलर तरी दाखव गं. रस्त्यावरून दिसतील असे."

"पिलर काय उचलणार? पाणकणीस?"

"उचलू देत न्हाईतर नको. दिसू तरी देत."

मिस्त्रींचं वेगळंच. "म्याडम, जोतं मी केलं म्हणून सांगा. वरचं कुणी केलं ते मला ठावं न्हाई."

तरी काम त्यांनी मन लावून केलं. ज्येष्ठात जोतं पुरं झालं, कूड उभा राहिला, छपराचा पहिला तुकडा बांधून तयार झाला. मी शनिवारी पोचले तेव्हा तो नव्या घराच्या अंगणात पडला होता. वहिनीने त्याच्याभोवती एक फेरी मारली, काठ उचलून पाहिला, आणि जमिनीवर गोधडी अंथरली.

"टाका माझ्या अंगावर."

"येडी झालीस का?" दादा म्हणाला.

"टाका म्हणते ना."

मग ती उठून वेलांकडे गेली. हंगाम सरला होता. मागे राहिलेलं एक लहानसं टरबूज तिने तोडून आणलं, ते डाव्या कुशीत घेतलं आणि आडवी झाली.

"ते कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"आसू द्या."

दादाने एक बाजू धरली, मिस्त्रींनी दुसरी. तुकडा खाली ठेवला तसे तिचे फक्त पाय दिसत राहिले. काहीच हललं नाही. दादाने हाक मारली. उत्तर नाही. "बोल की," तो म्हणाला, त्याचा आवाज फाटला. मिस्त्री उचलायला वाकले.

"हात लावू नका." आवाज खालून आला.

आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. नंतर एक कोपरा वर झाला, खाली आला, पुन्हा वर झाला. ती कोपरांवर सरकत बाजूने बाहेर आली. केसांत, पदरावर पाणकणसाचा भुसा. टरबूज कुशीतच होतं. ती खूप खोकली. मग म्हणाली, "निघता येतंय."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि गरज नसताना काथ्या गोळा करायला लागले. पिलरांचं पुन्हा कुणी काढलं नाही.

आषाढ लागायच्या आत ती आत झोपायला लागली. पहिले काही दिवस बाज दाराशी, दार उघडं. मग बाज भिंतीकडे गेली. भिंतींना पोतेरं तीच द्यायची, तलावाकडची खिडकी तिने स्वतः मोठी करून घेतली. श्रावणात तिचा फोन आला. "ताई, आज उशिरा जाग आली बघा. ह्यांनी चहा केला." खोकला होता, पण कमी होता. बोलताना ती मध्ये थांबत नव्हती.

भाद्रपदात पाऊस लागला तो थांबेना. धरण भरून सांडवा वाहायला लागला, तलाव चढत आमच्या जोत्याच्या खालच्या पायरीला टेकला, आणि गावाकडचा ओढा रस्त्यावरून जायला लागला. तहसीलची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. काठावरच्या सगळ्यांनी वरच्या शाळेत चलायचं, म्हणाली. ते बरोबरच होतं. पाणी कुठे थांबेल ते कुणालाच सांगता आलं नसतं, मलाही नाही. दादाने फोनवर विचारलं, "घरात पाणी न्हाई. पर हे चला म्हणून राहिले. काय करू?" मी म्हटलं, जा.

शाळा चांगली आहे. पक्की, उंचावर, कोरडी. वहिनी ट्रॅक्टरवरून उतरली, व्हरांड्यापर्यंत गेली, वर पाहिलं आणि मागे फिरली. मैदानातल्या कडुलिंबाखाली ताडपत्रीचा तुकडा डोक्यावर घेऊन बसली. दादाने हात धरून ओढलं. गुरुजी बाहेर आले.

"आत या मावशी. इमारत पक्की आहे."

"पक्की हाय म्हणूनच," ती म्हणाली.

तिच्याच वयाच्या आणखी दोघी तिच्याशेजारी जाऊन बसल्या. त्याही औशाकडच्याच, आमच्या गावात दिलेल्या. गावाने इतकी वर्षं त्यांना नुसतं उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्या बाया म्हणून पाहिलं होतं.

नांदेडहून निघायला रस्ता नव्हता. दादाने फोन तिच्या कानाला लावला. मी तिला सगळं सांगितलं: खांब कसे असतात, सळई कुठे असते, अशा इमारती भूकंपानंतरच्या नियमाने बांधतात, हलल्या तरी पडत नाहीत. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता तो मला ऐकू येत होता.

"तुमी सांगताव ते खरंच आसंल ताई," ती शेवटी म्हणाली. "पर ते माझ्यानं उचलत न्हाई."

थोड्या वेळाने फोनची बॅटरी गेली.

पाऊस त्या दिवशी पडला, दुसऱ्या दिवशीही पडला. दादाने तिच्यावर स्वतःची घोंगडी टाकली, ती भिजली. गुरुजींनी वर्गातली सतरंजी आणली, ती भिजली. ओढा उतरला तेव्हा ती तापाने फणफणत होती. तिला लातूरला नेलं. मी पोचले तेव्हा ती वॉर्डातल्या स्लॅबखाली पाठीवर झोपलेली होती, नाकाला नळी. ती वर बघत नव्हती. भूकंपानंतर झालेला तिचा मुलगा पुण्याला असतो, तो आला त्याच दिवशी संध्याकाळी ती गेली.

तेरावं झाल्यावर मी काठावरचं घर पाहून आले. पाणी ठरल्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी निघून गेलं होतं. जोत्याचा दगड हलला नव्हता. एका बाजूचा कूड खाली ओला झाला होता, तेवढा भाग लिंपून घ्यायचा. छपराचा तुकडा एकही सुटला नव्हता. आतली जमीन कोरडी होती. दादा बाजेवर बसून होता. मी बोलायला लागले की तो "हाव, हाव" म्हणायचा.

काठावरच्या माणसाला वर्षातून केव्हातरी वर जावं लागणारच. घर कितीही काठाचं करा, वर गेल्यावर बसायची जागाही त्याच घराच्या हिशेबात धरायला हवी. म्हणून आता शाळेच्या मैदानाला लागून, गायरानाच्या कडेला, पाणकणसाच्या छपराचा एक मांडव आखला आहे. तीन बाजूंना कूड, एक बाजू उघडी, खाली दगडाचा ओटा. लिंबाखाली बसलेल्या त्या दोघींनी जागा दाखवली. "हितं वारं लागत न्हाई," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "अन् वरचं किती जड ठिवणार?" मी तिला नमुन्याला बांधलेला एक तुकडा उचलायला लावला. दादाने मेढींसाठी, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या खांबांसाठी, लिंबाची लाकडं काढून दिली, बाभूळ दिली नाही. काठावरची एकही तोडायची नाही, असं ठरलंय म्हणाला.

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा सरपंच म्हणाले, "ताई, शाळा आसताना बाहेर छप्पर कशाला? साहेब आले तर काय सांगायचं, आमच्या बाया शाळेत बसत न्हाईत म्हणून?" कुणीतरी हसलं. त्या दोघी सभेत बसल्या होत्या. गायरानाचा ठराव पुढच्या सभेवर गेला, तिथून पुन्हा पुढच्या.

मिस्त्रींनी ठरावाची वाट न पाहता मेढींचे खड्डे खणून ठेवले. छपराचे तुकडे त्या दोघींनी बांधले, ते दादाच्या भिंतीला लावून ठेवले आहेत. आता ज्येष्ठ लागतो आहे. मैदानात पोरं खेळतात, कुणाचा पाय जाऊ नये म्हणून खड्ड्यांवर फळ्या टाकल्या आहेत. मेढी उभ्या करायच्या राहिल्या आहेत.