कोरडा कापूस

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. सांगायला बसलो की दुसरंच काही काम आठवायचं. आता पंच्याहत्तरी उलटली, टाळण्यात अर्थ उरला नाही.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका डेअरीत महादेवभाऊ आणि मी सोबत होतो. सावनेर, कळमेश्वरकडून दुधाचे कॅन येत. महादेवभाऊ झाकण उघडून नुसता वास घेत आणि म्हणत, "घ्या," नाहीतर, "परत." बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. "घरी कोण आहे गा? मी अन् माहं नाक," म्हणायचे.

रोज सकाळी कॅन यायच्या आधी ते त्या नाकाची परीक्षा घेत. चार सारख्या शिश्या, आत कापसाचे बोळे: कापूर, लवंगेचं तेल, आंबलेलं ताक आणि रॉकेल. नावाची चिठ्ठी बुडाला. डोळे मिटून शिश्या फिरवायच्या, वास ओळखायचा, मग चिठ्ठी पाहायची. मी एकदा म्हटलं, "भाऊ, घरी स्टोव्ह पेटवता, तिथं रॉकेलचा वास येतेच ना? मग इथं पुन्हा काहून?"

"पाहून आलेला वास मोजाचा नाही गा. डोळे नाकाले चुगली करते."

एके दिवशी मी वास पाहून घेतलेला कॅन त्यांनी सगळ्यांसमोर परत केला. "तुले सर्दी झाली का अक्कल नाही, एक काय ते सांग!" सगळे हसले. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी रॉकेलची शिशी उचलली, तिच्या जागी तशीच कोरी शिशी ठेवली. आत कोरडा कापूस, बुडाला तीच चिठ्ठी. हात साबणानं दोनदा धुतले.

तीन शिश्या त्यांनी ओळखल्या. चौथी नाकाशी धरली. बाहेर जाऊन तोंड धुऊन आले, पुन्हा धरली. चिठ्ठी पाहिली. मी हसू दाबून उभा. ते चिडतील, शिव्या देतील, मग सांगू, असा बेत होता. ते सरळ साहेबांकडे गेले.

"साहेब, मले रॉकेलचा वास येऊन नाही राहिला. हे दूध लेकराईच्या पोटात जाते. मले इथून हटवा."

साहेबांनी त्यांना कॅन धुवायला लावलं आणि त्यांच्या जागी मला उभं केलं. आता सांगितलं तर नोकरी जाईल, म्हणून मी गप्प बसलो. संध्याकाळी महादेवभाऊंनी त्या शिश्या माझ्याच हातात दिल्या. "रोज पाहत जा. नाक गेलेलं माणसाले समजत नाही."

त्यानंतर कॅन धुता धुता ते मध्येच थांबत, हवेत नाक वर करत आणि मान हलवून पुन्हा घासायला लागत.

ते निवृत्त होऊन सावनेरला एका खोलीत राहू लागले. काही वर्षांनी एका हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, बसमध्ये वाक्य घोकत. त्यांनी चहाला दूध काढलं आणि पातेलं माझ्यापुढे धरलं. "पाह गा, खराब तं नाही झालं? मी रोज शेजारच्या बाईलेच विचारतो."

मी वास घेतला. "चांगलं आहे, भाऊ."

"कसं काय येणं केलं गा?"

"काही नाही."

चहा पिऊन मी परतलो. त्याच थंडीत ते गेले. घोकलेलं वाक्य एवढंच होतं: भाऊ, त्या शिशीत रॉकेल नव्हतंच, कोरडा कापूस मी ठेवला होता, तुमचं नाक शाबूत होतं, मले माफ करा.