फोटोतला रवा

अपेक्षा बाजाराच्या नजरेत पहिल्यांदा भरली ती वडिलांच्या फोटो स्टुडिओच्या काचेआड, एक डोळा मिटून निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बसलेली. तेव्हा ती बारावीला होती. वडिलांना, हरिश्चंद्रांना, अर्धांगाचा झटका आला आणि तात्पुरती म्हणून तिने शटरची किल्ली हाती घेतली. आता ती चौतिशीत आहे.

वेंगुर्ल्याच्या त्या दुकानाला एकच खिडकी होती, तीही वडिलांनी डार्करूमसाठी बुजवलेली. पडद्यामागे त्यांची खाट. ते कुशीवर वळले तरी अपेक्षाला खुर्चीत कळतं.

यंदा पणजीच्या एका संग्रहालयात तिला नोकरी मिळाली. गणपती झाले की रुजू व्हायचं. वडील आतेबहिणीकडे राहायला कबूल झाले, पण एका अटीवर.

"जा गो खुशाल. पण माझी माणसां पेटयेत कुजत ठेवन जाव नको."

माणसं म्हणजे पत्र्याच्या पेट्यांतल्या निगेटिव्ह. अख्ख्या तालुक्याची लग्नं, मुंजी, बारशी. खाऱ्या हवेने त्यांवर बुरशी चढत होती. अपेक्षा ती स्कॅन करायला बसली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक चेहरा दाणेदार दिसे. काळ्यापांढऱ्या फिल्मचा तो गुणच. हरिश्चंद्र त्याला रवा म्हणत. त्यात स्कॅनरचे ठिपके वेगळे. एकेक फोटो हाताने साफ करायचा तर वर्ष जाणार होतं. तिने कॉम्प्युटरवर दाणे आपोआप पुसणारं एकच माप ठरवलं आणि सगळे फोटो त्यातून काढले. कॉम्प्युटरमध्ये जागा उरेना, तेव्हा मूळ स्कॅन पुसून टाकले. पणजीला कळवलं. बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी जवळच्या उभादांड्याचे दत्ताराम सांगून ठेवलेला फोटो न्यायला आले. नव्या घरात पितृपक्षात म्हाळाला आईच्या, राधाबाईंच्या फोटोला हार घालायचा होता. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला.

"ही कोण गो?"

"तुमची आये. चौघींच्या फोटोतसून काढलंय."

"म्हातारेक पावडर लावन नवरी केलंस काय? हनवटीवरचां गोंदाण खंय गेलां?"

अपेक्षाने पेटीतली निगेटिव्ह काढून दिव्यावर धरली. हनवटीवर तीन बारीक ठिपके होते. यंत्राने ते रव्याबरोबर पुसले होते.

दत्ताराम गेल्यावर तिने दुसरे फोटो उघडले. देवीचे वण गेले होते. म्हाताऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. कोळणींच्या हातावरचं गोंदणही धुऊन निघालं होतं. सगळी माणसं गुळगुळीत, एकाच घरची असावीत तशी.

पडद्यामागून आवाज आला, "झाला मा सगळा?"

वडिलांना आता नीट दिसत नव्हतं. हो म्हटलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं. भरलेली बॅग दाराशीच होती.

"नाय, बाबा. परत करूक होया."

"मगे पणजी?"

"बघूया."

तिने पणजीला फोन लावून मुदत मागितली. पलीकडच्या बाईंनी, जागा थांबवून ठेवता येणार नाही, असं सौम्यपणे सांगितलं. ठीक आहे म्हणून अपेक्षाने फोन ठेवला आणि पडदा सारून वडिलांना चहा दिला. "रडतंस काय गो?" तिचं नाक ओढणं ऐकून त्यांनी विचारलं. "बुरशीन डोळे चुरचुरतत," ती म्हणाली.

राधाबाईंची निगेटिव्ह तिने पुन्हा स्कॅन केली. फोटोतल्या मागच्या मांडवाचे दाणे पुसले, चेहऱ्याला हात लावला नाही. त्वचा खरखरीत दिसली. दत्ताराम फोटो घेऊन गेले आणि म्हाळाच्या दिवशी केळीच्या पानात बांधून वडे पाठवले.

संग्रहालयात दुसरी मुलगी लागली. अपेक्षा रोज सकाळी शटर उघडते. सध्या ती दुसऱ्या पेटीवर आहे.