न विचारता प्यायलेलं दूध

मी सानपाडा सोडलं त्या संध्याकाळी टॅक्सी सोसायटीच्या गेटपाशी उभी होती, वॉचमन माझी बॅग डिकीत कोंबत होता आणि आई वर तिसऱ्या मजल्यावर दशम्या भाजत होती. बाबा जिन्यातून ओरडले, "अगं, पोरगी विमानाने चाललीये, एसटीने नाही." आई आतूनच म्हणाली, "विमानात बसलं म्हणून भूक लागत नाही का?" दशम्या फडक्यात बांधून तिने माझ्या हातात दिल्या, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोटाची आबाळ करू नकोस, अलके." विमानतळावर बाबा आले, धाकटा भाऊ आला, आई आली नाही. रडताना तिला कुणी बघितलेलं चालत नसे.

याला आता अठरा वर्षं झाली. टोरांटोपासून दोन तासांवर एका लहानशा शहरात आमचं घर आहे. तिथे राहून मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायला शिकले, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणांना बटाटेवडे नेऊन नेऊन 'वडा लेडी' झाले. तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना वेगळं सांगायला नको, कॅनडात असलं की सानपाडा आठवतं आणि सानपाड्यात आलं की चार दिवसांत हॉर्नचा त्रास होतो. भाऊ म्हणतो, "तुझं काय ते एकदा फायनल कर." ते काही होत नाही.

एगनॉग मी पहिल्यांदा प्यायले ते ऑफिसात. डोरीन नावाच्या आमच्या वयस्कर सहकारी बाईंनी नाताळच्या आधी घरून मोठं भांडं भरून आणलं होतं. अंड्याचा बलक, साखर, दूध, साय, थोडी रम आणि वरून किसलेलं जायफळ. पहिला घोट घेतला आणि मला भर ऑफिसात रडू फुटलं. बिचारी डोरीन घाबरली, तिला वाटलं रम जास्त झाली.

रमचा काही दोष नव्हता. मी नऊ वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. उठून उभी राहिले की चक्कर यायची. डॉक्टर म्हणाले, रोज दुधात अंडं फेटून द्या. आमचं घर माळकरी. आईच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ, घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. आजोबा साताऱ्याहून आले होते, ते म्हणाले, "पोर तशीबी बरी होईल." आईने त्यांना उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक वेगळं पातेलं आणलं, ते गॅलरीत ठेवलं, गॅलरीतच स्टोव्ह पेटवला. नाकाला पदर बांधून तिने अंडं फोडलं, वास मारायला भरपूर जायफळ किसून घातलं. मग पेला घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "यात अंडं आहे. प्यायलीस तर लवकर बरी होशील. नको असलं तर तसं सांग, दुसरं काहीतरी बघू." मी प्यायले. तीन आठवडे रोज प्यायले.

त्यामुळे कॅनडात दर डिसेंबरात मी घरी एगनॉग करायला लागले. डोरीनकडून पद्धत शिकून घेतली. बलक आणि साखर फिकट होईपर्यंत फेटायची, गरम दूध धार धरून घालायचं, घाई केली की अंड्याच्या गुठळ्या होतात. मग मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत ढवळत राहायचं.

बाबा गेले त्या वर्षी आई माझ्याकडे आली. डिसेंबरच होता. विमानतळावर ती मला आधी ओळखूच आली नाही, इतकी वाळली होती. जेवायला बसली की दोन घास खाऊन म्हणायची, "पोट भरलं बाई." मी वरण केलं, खीर केली, शिरा केला. सगळं ताटात राहायचं. एका रात्री जेवणानंतर मी आमच्यासाठी केलेल्या एगनॉगमधला एक पेला, रम न घालता, तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "जायफळाचं दूध आहे. गरम गरम घे."

तिने विचारलंसुद्धा नाही. मुलीच्या हातचं होतं. सगळं प्यायली आणि म्हणाली, "थोडं आहे का गं अजून?"

माझ्या नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "हे बरं नाही करत तू." मी म्हटलं, औषध आहे ते. आणि खरंच तिच्या अंगाला लागलं. दोन आठवड्यांत गाल वर आले. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मोक्षदा एकादशी आली, त्या दिवशी ती फक्त दूध घ्यायची. तिने तोच पेला माझ्याकडून घेतला, माझ्या घरातल्या विठ्ठलाच्या फोटोपुढे ठेवला, हात जोडले आणि मग प्यायली. मी दारात उभी होते. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

जाताना तिने कृती विचारली. मी म्हटलं, दूध आटवायचं, बदामाची पूड, केशर, जायफळ. एक खोटं पचवायला दुसरं खोटं लागतं.

सानपाड्याला परत गेल्यावर आई ते दूध करत राहिली. सोसायटीतल्या भजनी मंडळाच्या बायकांना "माझ्या अलकाचं कॅनडाचं दूध" म्हणून पाजायची. पण तिचं तिलाच पटायचं नाही. व्हिडिओ कॉलवर विचारायची, "तुझ्यासारखा दाटपणा येत नाही. कुठे चुकतं माझं?" मी म्हणायचे, अजून थोडं आटव. ती बिचारी पातेल्यापाशी तासतासभर उभी राहायची, गुडघे दुखत असताना. दोन वर्षं मी तिला उभी केली.

तिसऱ्या वर्षी एकादशीच्या आधी तिचा फोन आला. "सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय. आता तू असं कर, फोन समोर ठेव आणि माझ्यासमोर कर. मी तुझं बघून बघून करते."

माझ्या ओट्यावर अंड्यांचा ट्रे होता. तो सरकवून बदामाचा डबा पुढे ठेवायला एक मिनिट लागलं असतं. पण माझ्याने ते झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं आई रागावेल, रडेल. ती हळूच म्हणाली, "तुला टायफॉइड झाला होता तेव्हा मी तुला सांगून दिलं होतं गं." मग म्हणाली, "ठेवते," आणि फोन ठेवला.

पुढचं मला माझी भावजय मनीषा हिने सांगितलं. आईने माळ गळ्यातून काढून देवापुढे ठेवली. एकादशीला बायकांना साधं दूध दिलं. मग भावाला घेऊन गावी गेली, तिथल्या महाराजांना सगळं सांगितलं आणि त्यांच्या हातून पुन्हा माळ घालून घेतली. देवाशी तिचं मिटलं. माझ्याशी मिटलं नाही.

म्हणजे भांडण नव्हतं. फोनवर ती बोलायची, माझ्या लेकीची चौकशी करायची, मी दरवर्षी आले की दाराशी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची. पण मी हातात चहा दिला की विचारायची, "यात काय आहे?" आमटी वाढली की, "यात काय घातलंस?" टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हताच. अगदी साधेपणाने विचारायची. मी उत्तर द्यायचे आणि मगच ती पेल्याला हात लावायची.

शेवटी वाशीच्या हॉस्पिटलात होती तेव्हा मी धावत आले. चार दिवस तिच्या उशाशी बसले. तांदळाची पेज करून नेली आणि चमचा तोंडाशी नेला. तिने डोळे उघडले. "यात काय आहे?"

"तांदूळ, मीठ आणि थोडं तूप, आई."

तिने मान वळवून शेजारी उभ्या मनीषाकडे बघितलं. मनीषाने होकारार्थी मान हलवली. मग आईने तोंड उघडलं.

ती श्रावणात गेली. त्या चमच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नव्हते, नवऱ्याशीसुद्धा नाही. आज लिहितेय.

या डिसेंबरात मी सानपाड्यात आहे. परवा मनीषा म्हणाली, "ताई, तुमचं ते एगनॉग करा ना. पोरं कधीची मागे लागलीत."

"इथे? आईच्या किचनमध्ये?"

"करा ओ. आता कोण आहे विचारायला?"

मनीषा वाईट नाही. आईचं सगळं तिनेच केलं, मी फक्त तिकिटं काढत होते. तिने सहज म्हटलं. तिनेच मोबाइलवर ऑर्डर केली आणि दहा मिनिटांत अंडी दारात आली. मी गॅसपाशी उभी राहिले, मंद आचेवर ढवळलं, एकही गुठळी होऊ दिली नाही. इतकं चांगलं एगनॉग माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

ओळखीची माणसं भेटली की म्हणतात, आई गेली तरी घर आहे ना तुझं इथे. आहे. भाऊ आहे, भावजय आहे, माझ्यासाठी खोली ठेवलीय. पण माझ्या हातचं डोळे मिटून प्यायलं जायचं ते घर मी स्वतःच मोडलं. मग विचारून का होईना प्यायलं जायचं, तेवढ्या घरासाठी मी दरवर्षी येत राहिले. तेही श्रावणात गेलं.

पोरांनी पेले उचलले आणि एका दमात रिकामे केले. यात काय आहे, असं कुणी विचारलं नाही. मी पातेल्यापाशी उभी राहून वाट बघत होते. चार अंडी, लिटरभर दूध, साखर, साय, जायफळ. विचारलं असतं तर सगळं खरं सांगितलं असतं.