लिब्राडाने न दिलेलं उत्तर

गिमारास बेटावर कुणाच्या घरी काय शिजतंय ते आधी फेसबुकवर कळतं, वास मागाहून येतो. लग्न, बारसं, हरवलेली शेळी, नवरा-बायकोची भांडणं, सगळं तिथेच. त्यामुळे धक्क्याजवळच्या बेकरीच्या माडीवर वकिली करणाऱ्या लिब्राडा सुमागायसायलाही तिथे यावंच लागलं. पण तिचं तिथलं वागणं जरा सोवळ्यातलं होतं. कुणी भर चव्हाट्यावर विचारलं, "अटर्नी, माझा नवरा दुसरीकडे राहतो, मी काय करू?" तर खाली तिचं एवढंच उत्तर असे: "ऑफिसात या. इथे नको." जिंकलेल्या खटल्याचा फोटो नाही, अशिलांनी केलेलं कौतुक नाही. नव्या न्यायाधीश बाई समोरच्या किनाऱ्यावरच्या इलोइलो शहरातून बदलून आल्या, त्या लिब्राडाच्याच कॉलेजातल्या. त्यांनी मैत्रीची विनंती पाठवली, ती तशीच पडून राहिली. पुढे मासळीबाजारात गाठ पडली तेव्हा बाईंनी टोमणा मारला, "अजून ओळख पटली नाही वाटतं?"

"पटली ना. तुम्ही निवृत्त झालात की लगेच स्वीकारते."

बाई हसल्या, आणि घरी जाऊन त्यांनी विनंती मागे घेतली.

लिब्राडाचा नवरा क्रिस्पुलो पूर्वी इलोइलोला जाणारी पंपबोट, म्हणजे इंजिनाची होडी, चालवायचा. गुडघे धरल्यापासून तो घरी असे. स्वयंपाक त्याच्याकडे आणि बेटावरच्या बातम्याही त्याच्याकडेच. त्याच्या बोलण्याला गावात मान होता, कारण तो कुणालाच सोडत नसे, बायकोलाही नाही.

त्या वर्षी लिब्राडाकडे युफ्रासिया नावाची म्हातारी आली. सगळे तिला नानाय प्रासिंग म्हणत. नानाय म्हणजे आई. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा जोवानी मालवाहू जहाजावर होता, घरच्या कागदांवर सही करायचा अधिकार आईकडे देऊन गेलेला. नवऱ्याच्या मागे राहिलेल्या आंब्याच्या बागेवर पुतण्याने दावा लावला होता. वरवर पाहता दाव्यात काही दम नव्हता. मुलगा असताना पुतण्याला कोण विचारतो? पण सुनावणीच्या आधी पुतण्याच्या वकिलाने लिब्राडाला बाजूला घेऊन सांगितलं, की जोवानी म्हातारीच्या पोटचा आहे का, हा प्रश्न आम्ही कोर्टात काढणार.

लिब्राडाने दार लावून नानायला विचारलं. 

"माझी धाकटी बहीण इलोइलोत कामाला होती," ती म्हणाली. "बाळंतपणात गेली. लग्न झालेलं नव्हतं. मी पोराला घेऊन आले आणि दाखल्यावर माझं नाव घातलं. जोवानीला माहीत नाही. कोर्टात शपथेवर विचारलं तर मी काय सांगू?"

"शपथेवर खोटं बोला असं मी तुम्हाला सांगणार नाही, नानाय. सांगूच शकत नाही."

"मग द्या त्याला अर्धी बाग. आंबे काय, परत लागतात. तो माझा नाही असं चारचौघांत कुणी म्हणालेलं मला ऐकायचं नाही."

लिब्राडाने तिला नीट समजावलं, काय हातचं जाईल ते दाखवलं, पुन्हा येऊन सांगा म्हणून घरी पाठवलं. म्हातारी पुन्हा आली आणि तेच म्हणाली. तडजोड झाली. अर्धी बाग पुतण्याकडे गेली.

जोवानीला हे कुठल्याशा परक्या बंदरात कळलं. आईने फोनवर एवढंच सांगितलं, की "वकीलबाईंनी सगळं व्यवस्थित केलं." त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने लिब्राडाचा फोटो लावून लिहिलं: माझी आई अडाणी, मी समुद्रावर. या बाईने आमची बाग समोरच्या पार्टीला विकली. दोन्हीकडून खाल्लं. बेटावरच्या लोकांनो, हिच्यापासून सांभाळा.

दुपारपर्यंत ते सगळ्या बेटावर फिरलं. ज्यांची कामं लिब्राडाने फुकट केली होती त्यांनीही खाली रडके चेहरे चिकटवले. बेकरीवाला रोज वर पाव पाठवायचा. त्या दिवशी तो वर बघेना. वाटणीचं काम घेऊन दोन भाऊ येणार होते, त्यांनी निरोप धाडला, की आम्ही जरा थांबतो.

लिब्राडा टेबलाशी बसली. फोन काढला. जोवानीच्या लिखाणाखाली तिने दोन शब्द लिहिले: "आईला विचार." ते पाठवायला अंगठा उचलला आणि तिथेच थांबली. या दोन शब्दांनी पोरगा आईला विचारील, हे खरं. पण गाव आधी विचारील. आईकडे असं काय आहे, म्हणून जो तो नानायच्या दाराशी जाईल. नाव न घेता, गोष्ट न सांगता, ती अर्धी सांगून झालेली असेल. तिने ते दोन शब्द पुसून टाकले.

घरी आली तर क्रिस्पुलोने आधीच बार उडवून दिला होता. "माझ्या बायकोने आयुष्यात कुणाचा पैसा खाल्लेला नाही, आणि आतली गोष्ट बाहेर आली तर तुझीच मान खाली जाईल," असं त्याने जोवानीला लिहिलं होतं. लिब्राडाने पिशवी खाली ठेवली.

"काढ ते, पुलो."

"का काढू? खोटं आहे का?"

"आतली गोष्ट म्हणून तू जे लिहिलंस, ते काढ."

"मला कुठे माहीत आहे आतली गोष्ट? मी अंदाजाने ठोकलं."

"तू माझा नवरा आहेस. लोकांना वाटणार, हिने घरी सांगितलं."

क्रिस्पुलो गुरगुरला. "म्हणजे लोकांनी तुला चोर म्हणायचं आणि मी इथे भाजी चिरायची." पण त्याने लिहिलेलं काढून टाकलं. मग भाजी खरंच चिरायला घेतली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला काही सांगू नकोस. फक्त एवढं सांग, की मी गप्प बसलो तर बरोबर होईल का?"

"होईल."

"मग बसतो. सवय नाही, पण बसतो."

लिब्राडा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. त्याने कांद्याची ताटली तिच्यासमोर सरकवली. "हे घे. कारण विचारलं तर सांगायला बरं."

नानायकडे जाऊन परवानगी मागावी असं लिब्राडाच्या मनात आलं होतं. पण आपण तिच्या दारात उभं राहिलो की ती नाही म्हणूच शकणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणून ती गेली नाही. कोर्टात जायची, उरलेली कामं करायची. कुणी तोंडावर विचारलं तर म्हणायची, "अशिलाबद्दल मी बोलत नाही." लोकांना तेही उर्मटपणाचं वाटे.

नानाय प्रासिंगकडे साधा फोन होता, बोलण्यापुरता. तिला हे सगळं कळलं ते सुकटवालीकडून. घेतलेली सुकट तिथेच टाकून म्हातारी तडक निघाली आणि धापा टाकत माडी चढून आली.

"माझ्या पोराने तुमचं नाव घाण केलं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"बसा आधी. पाणी घ्या."

"पाणी नको. लिहा तिथे काय ते खरं. माझी परवानगी आहे. म्हणाल तिथे अंगठा देते."

लिब्राडाने तिच्या हातात पाणी दिलंच. "नानाय, परवानगी दिलीत तरी मी ते तिथे लिहिणार नाही. त्या पोराने ही गोष्ट परक्या बंदरात, दहा जणांच्या खोलीत, फोनवर वाचायची का? माझं नाव धुवायला त्याची आई मी वापरायची?"

म्हातारीने भांडं टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, "मग मी सांगू?"

"ते तुमच्या मनावर आहे. न सांगितलंत तरी माझी काही तक्रार नाही. माझ्यासाठी म्हणून तर सांगूच नका."

"तुझ्यासाठी नाही गं पोरी," नानाय म्हणाली. तिचं "तुम्ही" कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "मी मेल्यावर त्या पुतण्याने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. एवढी अक्कल मला आधी यायला हवी होती. तुझ्या फोनवर त्याचा चेहरा दिसतो का?"

लिब्राडाने फोन लावून दिला, टेबलावर टेकवून उभा केला. जोवानीचा रागीट, झोपाळू चेहरा दिसल्याबरोबर ती उठली, दार ओढून घेतलं आणि खाली बेकरीत जाऊन उभी राहिली. बेकरीवाला पिठात हात घालून अवघडून उभा होता. ती म्हणाली, "पाव दे. आणि मान वर कर, मी चावत नाही."

वर काय बोलणं झालं ते तिने कधी विचारलं नाही. नानाय खाली आली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता. "रडला खूप," ती म्हणाली. "मग विचारलं, जेवलीस का."

दुसऱ्या दिवशी जोवानीने जुनं लिखाण काढलं आणि नवीन लिहिलं: मी चुकीचं लिहिलं होतं. अटर्नींनी आईचं काम प्रामाणिकपणे केलं. मी माफी मागतो. कारण काहीच दिलं नव्हतं. त्यामुळे काही लोक म्हणाले, हिने केसची धमकी दिली असेल. काही म्हणाले, पैसे चारले असतील. ते भाऊ दुसऱ्या वकिलाकडे गेले ते गेलेच. बेकरीवाल्याचे पाव मात्र परत वर येऊ लागले. क्रिस्पुलोला शेवटपर्यंत काही कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. मित्रांनी फारच डिवचलं तर म्हणायचा, "मला भाजीचं विचारा."

नाताळाच्या सुट्टीत जोवानी घरी आला. आईला घेऊन माडीवर आला. अंगापिंडाने दांडगा, पण खुर्चीत कडेला टेकून बसला. केकचं खोकं पुढे केलं आणि बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरला.

"एक फोटो काढू का आपला?" शेवटी त्याने विचारलं. "तुमच्याइतकी चांगली वकील या बेटावर नाही असं लिहितो. सगळे बघतील."

"नको रे बाबा. आधीचंच अजून उतरतंय." लिब्राडा हसली. "आणि अशिलाकडून स्वतःची जाहिरात करवून घेणं आम्हाला शोभत नाही. केक कापू, तो शोभतो."

त्याने मान खाली घातली. "अटर्नी, तुम्ही मला तेव्हाच गप्प करू शकत होतात."

"ते माझं नव्हतं सांगायला."

नानाय दोघांकडे बघत होती. केक खाऊन झाला, बागेतल्या कलमांचं बोलणं झालं, उरलेली अर्धी बाग सांभाळायला जोवानी जहाज सोडायचा विचार करत होता. निघताना लिब्राडा जिन्यापर्यंत आली. जिना उभा होता आणि बेकरीच्या धुराने काळा झालेला. जोवानी दोन पायऱ्या आधी उतरला, वळला आणि दोन्ही हात म्हातारीकडे करून उभा राहिला.

"हळू, नानाय," तो म्हणाला. "माझा खांदा धर."