दिघोरीच्या गिऱ्हाइकाचा प्रोसेसर

"मॅडम, प्रोसेसर बदलवला तुम्ही."

भंडाऱ्यातल्या आमच्या दुकानात काउंटरवर कॅबिनेट ठेवून निलेश एवढंच बोलला. दिघोरीत त्याच्या वडिलांची राइस मिल आहे. चार महिन्यांपूर्वी हा गेमिंग पीसी मीच जोडला होता. दुकानाचे मालक असलेल्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि कोर म्हणजे त्यातले एकाच वेळी काम करणारे भाग. सहा कोरचा पुरेल, उरलेलं बजेट ग्राफिक्स कार्डात घाला, असं मी सुचवलं होतं. त्याने हट्टाने आठ कोरचा घेतला. आता मी सहाचाच बसवला, असा त्याचा संशय होता.

पुरावा त्याच्या गेममधला होता. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत एका क्लिकला एकच गोळी सुटते. ऑटोमॅटिकमध्ये बटण दाबून धरलं की गोळ्या सुटतच राहतात. पहिली नीट चालायची, दुसरी घेतली की दहा मिनिटांत गेम अडकायचा.

मलाही त्याचा संशय आला. चांगली चिप बाहेर विकून जुनी बसवून आणणारे येतात. मी प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काढला, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली. खालचा सिरियल नंबर प्रोसेसरच्या डब्यावरच्या नंबराशी जुळला. चिप आठ कोरचीच होती.

"डब्बाही तुमच्याच दुकानातला ना," निलेश म्हणाला.

नवी पेस्ट लावून अर्धा तास ऑटोमॅटिकवर गेम चालवला. एकदाही अडकला नाही. तर मी आत्ताच काहीतरी सेटिंग केली, असं त्याला वाटलं. तो कॅबिनेट घेऊन गेला आणि संध्याकाळी फोन केला: घरी पुन्हा तेच.

सर म्हणाले, "स्नेहल, उद्या घरी जाऊन पाहून ये. कारण नाही निघालं तर तू बिलिंगवर बस, पीसी जोडायची असेंब्ली दुसरा कोणी करेल."

असेंब्लीचं टेबल मी दोन वर्षं मागून मिळवलं होतं.

दिघोरीला मिल घराला लागूनच आहे. कॅबिनेटला तांदळाच्या पोत्याचा, शिवलेला झगा घातलेला होता. पुढे बटणापुरतं भोक. चारही बाजू बंद.

"कोंडा उडते ना मिलचा," निलेशची आई म्हणाली. "मशीन खराब होईन म्हणून म्याच शिवून देल्ला."

दुकानात कॅबिनेट आणताना झगा घरीच राहिला होता.

मी स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दिसेल असं केलं आणि निलेशला ऑटोमॅटिक चालवायला सांगितलं. आकडा शंभराजवळ गेला. इतका तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळ्यांचा हिशेब थांबून थांबून होतो, म्हणून तिथे जाणवत नव्हतं. झगा काढला. पाच मिनिटांत आकडा सत्तरवर आला. निलेश बराच वेळ गोळ्या झाडत होता. एकदाही अडकलं नाही.

"आता कोंडा कोण झाडन?" आई म्हणाली.

मी पीसी मागच्या खोलीत हलवायला सांगितला आणि झगा फक्त बंद असताना घालायला. निलेश माझ्याकडे न बघता वायरी गुंडाळत होता.

सरांनी ऐकून फक्त "बरं" म्हटलं. टेबल माझ्याकडेच राहिलं.

आता पेस्ट लावण्याआधी मी प्रत्येक चिपच्या नंबराचा फोटो गिऱ्हाइकासमोर काढते आणि त्याला पाठवते. कमी बोलणाऱ्या माणसाने पुरावे जास्त ठेवावेत.